बँकेतून नाण्यांच्या पिशव्या आणून त्यात एरर शोधणारे गोव्यात कोणी आहेत का?

तळ्याकाठचा (फोंडा)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज पावसाने बाहेर पडायची सोयच ठेवली नाही म्हणून बसलो. गेल्या चवथीपासून नाण्यांचा नाद लागलाय. जुनी राजेरजवाड्यांची नाणी नव्हेत, आपली रोजची एक, दोन, पाच, दहाची. टांकसाळीत काहीतरी चुकून बाहेर आलेली किंवा एकाच वर्षाच्या नाण्यात बारीक फरक असलेली शोधायची. परदेशात लोक बँकेतून कागदात गुंडाळलेले रोल आणतात, आपल्याकडे १०० नाण्यांची प्लास्टिकची पिशवी मिळते.

मागच्या आठवड्यात दोनच्या पाच पिशव्या आणि पाचच्या दोन आणल्या, म्हणजे २००० रुपये. पहिल्या बँकेत सरळ नाही म्हणाले, दुसरीकडच्या मॅडमनी हसून दिल्या, वर म्हणाल्या अजून हवीत तर या, पेटीत पडून आहेत. रात्री जेवण झाल्यावर टेबलावर जुनी चादर अंथरली, भिंग घेतलं आणि एकेक बघत बसलो. साडेबारापर्यंत ७०० बघून झाली.

एकच मिळालं. दोनचं नाणं आहे, सिंहाच्या बाजूला 'भारत' लिहिलंय ना, त्यातल्या 'त'ची शिरोरेघ जिथे थांबायला हवी तिथे थांबत नाही, तशीच पुढे जाऊन नाण्याच्या कडेला टेकते. केसाएवढी बारीक. आधी वाटलं ओरखडा असेल, पण नख फिरवलं तर लागते.

प्रश्न दोन. हे डाय क्रॅक म्हणायचं का? आणि पुढे बँकेच्या नव्या पिशव्याच घ्याव्यात की बाजारात फिरलेली नाणी बघावीत? कशात जास्त मिळतं?

रुपल्ली (म्हापसा)
७०० नाण्यांत एक रेघ! मी दोन वर्षं हे केलं आणि सोडून दिलं. डोळे जातात, वेळ जातो.

घुमट (पणजी)
फोटो टाका ना. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भिंग धरून काढलात तरी चालेल, उजेड एका बाजूने पाडा, वरून नको.

कॅशकाउंटर (डिचोली)
तळ्याकाठचे, नख लागतं म्हणता म्हणजे रेघ उंच आहे. उंच असेल तर डाय क्रॅक, खोल असेल तर ओरखडा. यात गोंधळ होऊ नये म्हणून कारण सांगतो. नाणं ज्या पोलादी ठशाने मारतात त्या ठशाला हजारो टन दाब सोसून सोसून तडा जातो. तडा म्हणजे खाच. नाणं मारताना धातू त्या खाचेत शिरतो आणि नाण्यावर ती खाच उंच रेघ होऊन येते. नाणं बाहेर पडल्यावर कशाने घासलं तर धातू निघतो, वाढत नाही. त्यामुळे तुमचं नाणं खरं आहे असं मला न बघताच वाटतं.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशला. आमच्या वेळी नाणी वजनावर घ्यायचो, शंभराची पिशवी तराजूत टाकली की कळायचं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतही शंभर-शंभरच्या पिशव्यांचा उल्लेख आहे आणि कुठलीही बँक नाणी घ्यायला किंवा द्यायला नकार देऊ शकत नाही. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले ते चूकच.

रुपल्ली (म्हापसा)
कॅशकाउंटर काका, हजारो टन नाही हो, शंभर-दीडशे टनाच्या आसपास असतो दाब. बाकी कारण बरोबर.

कॅशकाउंटर (डिचोली)
बरोबर आहे तुमचं, लिहिताना हात घसरला. धन्यवाद.

सातेरीचो (वाळपई)
आमच्या गावच्या देवळाची फंडपेटी वर्षातून दोनदा फुटते तेव्हा मी समितीबरोबर मोजायला बसतो. देवळाच्या चौकात मोठं ताट, पाच-सहा जण, आणि नुसता खणखणाट. तिथे जे बघायला मिळतं ते बँकेच्या पिशवीत या जन्मात मिळायचं नाही. १९९२ नंतरची ती अकरा कोनांची दोनची नाणी, जाडजूड ९ ग्रॅमची पाचची, संत ज्ञानेश्वरांची १९९९ची एक रुपयाची, तुकारामबुवांची दोनची २००२ची, छत्रपतींचं दोनचं. लोक घरातल्या डब्यातलं जपलेलं नाणं देवाला देतात. आम्ही मोजून तेवढेच सुटे पैसे पेटीत घालून अध्यक्षांना सांगून ती बदलून घेतो, लपवून काही नाही. माझं मत: फिरलेली नाणीच बघा.

घुमट (पणजी)
पण सातेरीबाब, ती स्मारक नाणी झाली, एरर नव्हेत. तळ्याकाठचे एरर विचारतायत.

सातेरीचो (वाळपई)
एररही मिळाली ना! एक पाचचं, अर्ध्याहून थोडं कमी सरकून छापलेलं, एका बाजूला कोरी चंद्रकोर. साल दिसतं त्यावर. ऑफ सेंटरला साल दिसलं तर त्याला मान, नाहीतर नुसता धातूचा तुकडा.

आबोलें (मडगाव)
मला यातलं फार कळत नाही पण धागा वाचून आजोबांचा बिस्किटाचा डबा काढला. त्यात पोर्तुगीज काळातली नाणी आहेत, १९५८ आणि १९५९ची, सेंताव्हो आणि एस्कुदो. आजोबा सांगायचे की त्याआधी रुपिया आणि तांगा होते, १६ तांग्यांचा एक रुपिया, मग एस्कुदो आला तेव्हा एका रुपियाला ६ एस्कुदो असा हिशेब लावून पगार मिळू लागला आणि पहिले काही महिने बाजारात सगळ्यांचीच बोटं मोजण्यात जायची. दोन-तीन वर्षांत गोवा मुक्त झाला, मग परत नवा हिशेब. एकाच माणसाने पंचविशीत तीन प्रकारचे पैसे खर्च केले. यातही एरर असू शकतात का?

कॅशकाउंटर (डिचोली)
आबोलेंताई, असू शकतात. तीही यंत्रावरच मारलेली. पण एक हात जोडून विनंती, ती घासू नका. तांब्याचं भांडं आपण सोलांनी किंवा बिंबलांनी लखलखीत करतो ते भांड्याला ठीक. नाण्याची वरची कातडी त्यात जाते आणि ती परत येत नाही.

आबोलें (मडगाव)
हे वाचून वाईट वाटलं. त्यातली चार आईने कधीतरी सोलांनी घासलेली आहेत, गुलाबी गुलाबी दिसतात. बाकीची काळपट आहेत ती तशीच ठेवते. देव बरें करूं.

घुमट (पणजी)
आपल्या हवेत ठेवायचं कसं हेही सांगा कोणीतरी. माझ्या पाचच्या पितळी नाण्यांवर जुलैत हिरवे ठिपके आले.

रुपल्ली (म्हापसा)
मऊ वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बमात ठेवली असशील. त्यात पीव्हीसी असतं, दमट हवेत त्यातून जे सुटतं ते तांबं खातं. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घे, आत मायलरची पारदर्शक खिडकी असलेले. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात दर महिन्याला त्या तव्यावर गरम करून परत घालायच्या. नाणं बोटांच्या चिमटीत कडेने धरायचं, तोंडावर बोट नाही.

(सोडलं म्हणालो तरी हे विसरता येत नाही.)

स्विंडनकर (मूळ काणकोण, सध्या इंग्लंड)
इकडे स्विंडनमध्ये आपली एवढी माणसं आहेत की शनिवारी दुकानात कोंकणी-मराठीच ऐकू येतं, त्यातले आम्ही तिघे मिळून हे करतो. इथे बँकेत छोटी प्लास्टिकची पिशवी मिळते, वीस पेन्सची ५० नाणी म्हणजे १० पाउंड. सगळे जण शोधतात ते २००८ सालचं वीस पेन्सचं साल नसलेलं नाणं. झालं असं की त्या वर्षी डिझाईन बदललं आणि साल मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला हलवलं. टांकसाळीत एका लॉटला जुनी राणीची बाजू आणि नवी मागची बाजू अशी जोडी लागली. जुनीवर साल नव्हतं, नवीवरही नव्हतं. त्याला म्यूल म्हणतात. मला आजवर मिळालं नाही, पण ५० पेन्सचं क्यू गार्डन्स मिळालं, ते एरर नव्हे, फक्त २,१०,००० निघाली म्हणून दुर्मीळ.

सांगायचा मुद्दा, भारतात म्यूल व्हायला जागा आहे असं मला नेहमी वाटतं. जुना स्टीलचा एक रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. २०११ साली आलेले दोन रुपये? तेच, २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. एकाच मापाची गोल चकती दोन किमतींना. म्हणून मी सुट्टीवर आलो की दोनच्या नाण्याच्या दोन्ही बाजू बघतोच बघतो.

रुपल्ली (म्हापसा)
चकती एक असली तरी सालं वेगळी आहेत ना, तो एक रुपया बंद होऊन मग हे दोन आले. जुना ठसा परत मशीनवर चढायला हवा तेव्हाच म्यूल. मला अवघड वाटतं.

स्विंडनकर (मूळ काणकोण, सध्या इंग्लंड)
अवघड आहे हे मान्य. इंग्लंडातही अवघडच होतं, तरी झालं. म्हणून बघायचं.

घुमट (पणजी)
मी कॉलेजात आहे, पैसे कमी, म्हणून कदंबच्या कंडक्टरकडून आणि सकाळी पोदेराकडून सुटे घेतो. पों पों ऐकू आलं की आई पाव घ्यायला आणि मी नाणी बदलायला, दोघेही दारात. मी मुख्यतः टांकसाळीच्या खुणा जमवतोय. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सालाच्या खाली बघा. चौकट किंवा हिऱ्यासारखी खूण असेल तर मुंबई, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालचं दोन रुपयांचं नाणं चारही ठिकाणचं मिळवायचं म्हटलं तर मजा येते. गोव्यात मला मुंबईचीच जास्त मिळतात, कोलकात्याचं मिळालं की दिवस चांगला.

२५ पैशांत १९८८ची काही कॅनडातून पाडून आणलेली आहेत, त्यांच्यावर इंग्रजी 'सी' असतो. २५ पैसे २०११च्या जूनअखेर बंद झाले त्यामुळे पोदेराकडे मिळणार नाहीत, आजीच्या पेटीतच.

सातेरीचो (वाळपई)
पोदेर दहाचं नाणं घेतो का रे तुमच्याकडे? आमच्याकडे अजून एखादा पसरकार मान हलवतो, दहा रेषांचं खरं आणि पंधरा रेषांचं खोटं म्हणे.

कॅशकाउंटर (डिचोली)
दोन्ही खरी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की तोवर निघालेली दहाच्या नाण्यांची १४ही डिझाईन चालतात. ते पत्रक मी लॅमिनेट करून आमच्या तिंट्यावरच्या दुकानदाराला दिलं होतं, त्याने गल्ल्यामागे लावलंय अजून.

आणि त्याच धर्तीवर दुसरी सूचना. वैष्णोदेवीचं पाचचं नाणं लाखो रुपयांना घेतो असे मेसेज येतात, आधी 'नोंदणी फी' भरा म्हणतात. कोणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून फी मागितली तर फोन ठेवा. ऑगस्ट २०२१मध्ये बँकेने स्वतः खुलासा केलाय की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही. माझ्या ओळखीतल्या एका आजींनी पेन्शनमधले पैसे असे घालवले, अजून आठवलं की जीव तुटतो.

रुपल्ली (म्हापसा)
मी सोडलं त्याचं खरं कारण हेच, काका. मला एका माणसाने 'लखी' म्हणून दहा हजारांना पाचचं नाणं विकलं. एका बाजूला सिंह बरोबर, दुसऱ्या बाजूला तोच सिंह उलटा आणि खोल गेलेला. खरी लखी कशी होते ते मला तेव्हा माहीत होतं, आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर आपटते, म्हणून आरशातल्यासारखं खोल चित्र येतं. पण मी सरळ बाजू नीट बघितलीच नाही. घरी येऊन बघितली तर सिंहाची नाकं सपाट. म्हणजे दोन नाणी शिकंज्यात दाबून केलेलं. टांकसाळीच्या लखीत सरळ बाजू ठसठशीतच असायला हवी. तेव्हापासून मन उडालं.

आबोलें (मडगाव)
पण तुम्ही हे सगळं इतकं छान सांगताय, मन उडालेला माणूस असं सांगत नाही.

तळ्याकाठचा (फोंडा)
रुपल्लीदादा, हे लिहिलंत ते बरं केलंत. मी परवाच एका ग्रुपवर लखी बघून पैसे पाठवायच्या बेतात होतो. थांबलो. विक्रेत्याकडे सरळ बाजूचा फोटो मागितला, तो अजून आलेला नाही.

अजून एक विचारायचं राहिलं, सालाचे आकडे दुहेरी दिसणारी पाच-सहा मिळाली पाचच्या पिशवीत. डबल डाय म्हणून बाजूला काढलीत.

रुपल्ली (म्हापसा)
तिरका उजेड टाक आणि बघ. दुसरा आकडा पायरीसारखा सपाट आणि खाली बसलेला दिसतो का? आणि मूळ आकडा बारीक झालाय का? तर ते मशीनचं थरथरणं, नाणं मारल्यावर ठसा सैल असल्याने घासतो. त्याला फार किंमत नाही. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही आकडे गोलसर, भरलेले, टोकाला खाच पडल्यासारखे दिसतात, कारण ठसाच दुहेरी बनलेला असतो.

आणि ठसा फिरलाय का तेही बघत जा. आपलं नाणं वर-खाली धरून उभ्या आसावर फिरवलं तर मागची बाजू सरळच यायला हवी. तिरकी आली तर रोटेशन. घड्याळाच्या काट्यासारखं माप, तीन वाजले, सहा वाजले असं.

तळ्याकाठचा (फोंडा)
सहाही सपाट निघाली. पिशवीत परत घातली, उद्या पावाला जातील.

कॅशकाउंटर (डिचोली)
हेच आवडलं. नाणी शोधायला आणली की आठवड्यात परत बाजारात सोडावीत, एवढं सगळ्यांनी पाळा. सुट्ट्यांसाठी कंडक्टर आणि प्रवासी भांडताना मी पाहिलेत. आणि वितळवणं, तोडणं तर कायद्यानेच मना आहे, २०११चा नाणे कायदा आहे त्यासाठी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो कारण तो सगळे विसरले. नवी पिशवी की फिरलेली? दोन्हीचं काम वेगळं. फिरलेल्यात सालं, खुणा, स्मारकं, निरनिराळी. नव्या पिशवीतली नाणी बहुतेक एका टांकसाळीची, एका काळातली, आणि पुष्कळदा एकाच मशीनवरून एकामागोमाग पडलेली. म्हणजे तुमच्या पिशवीत तडा गेलेल्या ठशाचं एक नाणं असेल तर त्याची भावंडं शेजारीच असणार. तुम्ही एक शोधलंत आणि थांबलात. त्या पाचही पिशव्या परत बघा. ज्या नाण्यावर रेघ नाही त्यावरही बघा. तुमच्या नाण्यावर रेघ सोडून अजून काही खूण आहे का, एखादा ठिपका, खरखरीत जागा? ती खूण रेघ नसलेल्या नाण्यावर सापडली तर तो त्याच ठशाचा, तडा जाण्याआधीचा.

घुमट (पणजी)
काका, हे कुठेच वाचलं नव्हतं.

तळ्याकाठचा (फोंडा)
चार दिवसांनी लिहितोय. दोनची ५०० परत बघितली, या वेळी बाबाही बसले शेजारी. त्यांना दूरचं दिसत नाही पण जवळचं माझ्याहून चांगलं दिसतं.

माझ्या नाण्यावर सिंहाच्या डाव्या पायापाशी मोहरीहून बारीक उंच ठिपका आहे, काकांनी सांगितल्यावरच लक्षात आला. आधी तो शोधला. ११ नाण्यांवर मिळाला. त्यातल्या दोनांवर रेघ अजिबात नाही, 'त' आपल्या जागी थांबलाय. तिघांवर रेघ सुरू झालीय पण कडेपर्यंत पोचत नाही, मध्येच विरते. चारांवर कडेला टेकलीय, माझं पहिलं त्यातलंच. एकावर रेघ उलट दिशेने 'र'पर्यंतही आलीय. आणि शेवटच्यावर कडेपाशी 'त'च्या डोक्यावर धातूचा छोटा उंचवटा आहे, भाताच्या शितासारखा, म्हणजे तिथला ठशाचा तुकडाच निखळायला लागला होता.

बाबांनी ती सगळी टेबलाच्या कडेला ओळीने लावली, रेघ नसलेलं डावीकडे, उंचवट्याचं उजवीकडे. मग भिंग घेऊन डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत गेले, परत आले, परत गेले. म्हणाले, "हा एका दिवसाचा किंवा एका तासाचा ठसा आहे बघ."

रुपल्ली (म्हापसा)
उंचवटा कडेला चिकटलेला आहे का मोकळा? चिकटलेला असेल तर त्याला इंग्रजीत 'cud' म्हणतात आणि तो अजून मोठा झालेलं नाणं नक्की असणार. फोटो टाक. अकराही, त्याच ओळीत.

तळ्याकाठचा (फोंडा)
चिकटलेला आहे. फोटो उद्या उजेडात काढतो. सोमवारी बँकेत जातोय, त्या मॅडमना फोन केला, त्याच पेटीतल्या दोनच्या सहा पिशव्या शिल्लक आहेत म्हणाल्या.

रुपल्ली (म्हापसा)
म्हापशाहून येतो मी. किती वाजता?